रोज, पगार आणि हमी

अस्थिर नोकरीच्या कराराला पोलिश बोलभाषेत 'श्म्येचुफ्का' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी 'कचरा' आहे. असा करार लोकभाषेने सरळ केराच्या टोपलीत टाकला. मराठीत अशा कामासाठी शब्द पुष्कळ आहेत. तो संताप मात्र आम्हांला त्यांत आढळत नाही.

'हंगामी'तला हंगाम फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ वेळ. 'बदली'च्या मुळाशी अरबी 'बदल' आहे. मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार गैरहजर माणसाच्या जागेची वाट पाहत फाटकाशी उभा राही. अशांना कायम करावे, ही 1982 च्या संपातील एक मागणी होती. 'कंत्राट' आणि 'पगार' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. पुढे महिनाअखेरीची निश्चिंती पगाराच्या वाट्याला आली, मुदतीची टांगती तलवार कंत्राटाच्या.

या सर्वांत खोल रुजला तो 'रोज'. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तेथे कुंकवाच्या कामावर जा किंवा भोवतालच्या शिवारात खुरपायला, विचारपूस एकच : रोज किती? फारसीत 'रोज' म्हणजे दिवस. मराठीने दिवसाच्या मजुरीलाही तेच नाव दिले. म्हणून दिवस बुडाला तर केवळ संध्याकाळ होते, रोज बुडाला तर चूल अडते.

'रोजगार' हा त्याच कुळातला. फारसीत त्याचा अर्थ काळ, जमाना. उदरनिर्वाहाचा अर्थ आपल्याकडे मुख्य झाला. 1972 च्या दुष्काळात सोलापूरसारख्या जिल्ह्यांनी खडी फोडून दिवस काढले. त्या अनुभवानंतर महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमी कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन शासनावर आले. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसविला गेला. शहरातल्या पगारातून कापलेली रक्कम अशी खेड्यातल्या रोजापर्यंत जाऊ लागली.

अनिश्चिततेच्या शब्दाला 'हमी' जोडणे, हे आमच्या मते गेल्या शतकातील मराठीचे एक मोठे शब्दकार्य. 2005 च्या राष्ट्रीय कायद्याने तीच कल्पना देशभर नेली. तिथे हमी कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची ठरली. उरलेल्या 265 दिवसांसाठी मजुराजवळ जुना शब्दच राहिला : रोज.