सेपरेशनवाली माणसं

ओवेन क्लाइनचा ‘फनी पेजेस’ हा चित्रपट मे २०२२मध्ये कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात आला आणि समीक्षकांनी त्याचं बहुतांशी कौतुक केलं. सुपर १६ फिल्मवर टिपलेला दाणेदार मळकटपणा, ट्रेंटनमधलं घामट तळघर, शाळा सोडून व्यंगचित्रकार व्हायला निघालेला रॉबर्ट. ‘घोस्ट वर्ल्ड’ या चित्रपटाची आठवण पुष्कळांना झाली. पोरगा फार तुसडा, असंही काहींनी म्हटलं.

मला मात्र त्यातला वॉलेस सोडत नाही. हा चिडका, बिथरलेला माणूस कधीकाळी ‘इमेज कॉमिक्स’ या प्रकाशनसंस्थेत कलर सेपरेटरचा मदतनीस होता, आणि एवढ्यावर रॉबर्ट त्याला गुरू मानून बसतो. वॉलेस झालेल्या मॅथ्यू माहरच्या अभिनयाची वाखाणणी झाली, ती रास्तच. पण हे काम नेमकं काय असतं, ते मी वाचलेल्या परीक्षणांत कुणी सांगितलं नाही. उमेदीची वर्षं मी गिरगावातल्या छापखान्यात निगेटिव्हवर ओपेकचा, म्हणजे अपारदर्शक रंगाचा, कुंचला फिरवण्यात घालवली, म्हणून मला ते फार लागलं.

अमेरिकन कॉमिक्सची सेपरेशन्स, म्हणजे छपाईसाठी रंग वेगवेगळे करण्याचं काम, कित्येक दशकं कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला होई. रंगकार पानाच्या छोट्या प्रतीवर जलरंग भरी आणि प्रत्येक जागी खूण लिही. ‘वायटू-आरटू’ म्हणजे पिवळा २५ टक्के, लाल २५ टक्के: गोऱ्या नायकाची कातडी. पिवळा, लाल, निळा या प्रत्येकाच्या २५, ५० आणि १०० टक्क्यांसाठी एकेक पारदर्शक ॲसिटेट, म्हणजे एका पानाला नऊ. खुणा वाचून त्या-त्या ॲसिटेटवर हाताने अपारदर्शक रंग भरायचा. कॅमेरा पुढे त्याचे ठिपके करी. बहुतेक बायकाच हे काम करत. सगळे मेळ धरले तर ६४ रंग निघत. सुपरमॅनची केप असो की हल्कचं अंग, सगळं त्यातूनच. एखादी खूण चुकली की आकाश हिरवं. रंगकाराचं नाव पुढे अंकात छापलं जाऊ लागलं. या बायकांचं छापलं गेलं नाही. हा अन्याय मला आजही सलतो.

मग १९८८मध्ये स्टीव्ह ऑलिफने ‘अकिरा’ या जपानी कॉमिकच्या अमेरिकन आवृत्तीचे रंग संगणकावर केले. १९९२मध्ये ‘इमेज’ निघालं, त्यांच्या ‘स्पॉन’लाही त्यानेच तसे रंग दिले. झगझगीत छटा वाचकांना आवडल्या, इतर प्रकाशकही त्या वाटेने गेले, आणि ॲसिटेटवरचं हातकाम काही वर्षांत आटोपलं.

रॉबर्ट वॉलेसच्या मागे लागतो ते चित्रकला शिकव म्हणून. त्याने रंगांबद्दल विचारायला हवं होतं.