वाँग माऊचे वंशज

१/
राजघराण्यांतील आप्तविवाहांचा विषय निघाला की स्पेनचा हाब्सबुर्ग राजा दुसरा कार्लोस हटकून आठवतो. त्याचे वडील हे त्याच्या आईचे सख्खे मामा. १७०० साली तो निपुत्रिक वारला आणि युरोपात वारसायुद्ध पेटले. मात्र जवळच्या रक्तातील संकराची याहून काटेकोर नोंद एका मांजरीच्या वंशावळीत सापडते. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
१९३० साली डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी ब्रह्मदेशातली एक लहानखुरी, अक्रोडी रंगाची मांजरी सॅन फ्रान्सिस्कोत आणली. नाव वाँग माऊ. (आपल्याकडची पोरेही मांजरीला माऊच म्हणतात. योगायोग गोड आहे, पण त्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नये!) तिच्यासारखा बोका जवळ नव्हता, म्हणून ताई माऊ या सयामी बोक्याशी तिचा संकर केला. पिले दोन प्रकारची निपजली: काही सयामी वळणाची, काही आईसारखी. पुढे आईसारख्या दिसणाऱ्या मुलाचा संकर खुद्द आईशीच करण्यात आला, आणि या खेपेला तिसराच, गडद तपकिरी रंग अवतरला. म्हणजे वाँग माऊ स्वतःच मिश्र रक्ताची होती. तो गडद रंग 'बर्मीज' जातीची ओळख ठरला. थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरील शोधनिबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला.

३/
शास्त्र म्हणून हे काम चोख होते. पण आई-मुलगा किंवा सख्खी भावंडे यांच्या पिलांत सरासरी एक चतुर्थांश जनुकजोड्या अशा असतात, की त्यांतील दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून आलेल्या असतात. एरवी एका निरोगी प्रतीमागे दडून राहणारा दोष अशा वेळी उघडा पडतो.

४/
अमेरिकेतील मांजरपालकांच्या सी.एफ.ए. या संस्थेने १९३६ साली बर्मीजला मान्यता दिली आणि १९४७ मध्ये ती स्थगित केली. कारण काय, तर पैदास करणारे सयामी रक्त मिसळत होते! मान्यता पुन्हा मिळाली ती पन्नासच्या दशकात, शुद्ध वंशावळीच्या अटीवर. ज्या जातीचा पायाच संकरावर उभा होता, तिच्याकडून शुद्धतेचा दाखला मागितला गेला. कागदोपत्री शुद्धतेचा हा हव्यास मला इतिहासात नवा वाटत नाही.

५/
सत्तरच्या दशकात आखूड नाकाची, गोल चेहऱ्याची बर्मीज प्रदर्शनांत बक्षिसे मिळवू लागली. त्या वंशात काही पिले मात्र भयंकर विकृत कवटी घेऊन जन्मत आणि जगत नसत. कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले: ए.एल.एक्स.१ या जनुकातील बदल. त्याची एक प्रत असेल तर चेहरा आखूड होतो, दोन असतील तर पिलू दगावते. म्हणजे परीक्षक ज्याला सौंदर्य म्हणून गुण देत होते, ती त्याच दोषाची अर्धी मात्रा होती. दोन वाहकांचा संकर झाला, तर सरासरी चारातले एक पिलू मरायचेच.

६/
मांजरांच्या जातींचा जनुकीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत कमी विविधता आढळलेल्या जातींत बर्मीज होती.

७/
"आमचे मांजर कुठल्या जातीचे? जिन्याखाली सापडलेले!" असे म्हणून हा धागा सोडू नका. एकाच वेताची दोन पिले घरी आणली, तर भाऊ-बहीण हे नाते त्यांच्यासाठी अडसर नसते. मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि अंगावर पिणारी पिले असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. थॉम्पसन यांनी हेतुपुरस्सर, वहीत नोंदवून जे केले, तेच आपल्या बंद फ्लॅटमध्ये निव्वळ दिरंगाईने घडते. उरलेली पिले मग खोक्यात घालून मासळी बाजारापाशी सोडली जातात.

८/
यावरचा उपायही इतिहासजमा गोष्ट नव्हे. १९७१ साली लॉस एंजेलिस महापालिकेने मांजरे-कुत्र्यांच्या नसबंदीसाठी स्वस्त दरातला दवाखाना उघडला. महापालिकेने चालवलेला अमेरिकेतला तो पहिलाच. आपणही पिले चार महिन्यांची होण्याच्या सुमारास पशुवैद्यांना शस्त्रक्रियेची वेळ विचारावी. तोवर भावंडे वेगळ्या खोल्यांत ठेवावीत. आणि बोक्याची नसबंदी झाली म्हणून त्याच दिवशी दार उघडू नये. पुढचे काही आठवडे तो पिलांचा बाप होऊ शकतो.