कामाची बैठक

विळीचा शोध कोणी लावला हे कोणत्याही इतिहासात लिहिलेले नाही. लढाया कोणी जिंकल्या, किल्ले कोणी बांधले, याच्या सनावळ्या आम्ही मास्तर लोक मुलांकडून घोकून घेतो. परंतु दिवाळीच्या फराळासाठी जिच्यावर खोबऱ्याचे पातळ काप होतात, त्या विळीच्या कर्त्याचे नाव कोणी विचारीत नाही. वाचकहो, एकदा ती नीट न्याहाळून पाहा. पाते उभे आणि स्थिर. पाटावर बाईचा पाय, म्हणजे अंगाच्या भारानेच हत्यार जागच्या जागी दाबलेले. आणि दोन्ही हात मोकळे. सुरीने चिरताना एक हात हत्यारात अडकतो, विळीवर तो अडकत नाही. जमिनीवर बसून काम करण्याची ज्या मुलखाची रीत, त्या मुलखातल्या शरीराचे माप घेऊनच हे हत्यार घडले आहे.

आजच्या कारखानदारीत माणसाच्या अंगाला बेतून कामाची जागा आखण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. खुर्ची किती उंच असावी, हात कुठवर पोचावा, मान किती वाकावी, याची त्यात मोजदाद होते. एर्गोनॉमिक्स असे त्याचे नाव. ते पहिल्यांदा योजले पोलंडच्या यास्त्रेंबोव्स्की नावाच्या पंडिताने, 1857 साली. म्हणजे आपल्याकडे बंडाची धामधूम चालू होती त्याच वर्षी. त्याच्याही दीडशे वर्षे आधी, 1700 साली, इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला तू काम काय करतोस हेही वैद्याने विचारले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. दिवसभर बसणारा शिंपी आणि दिवसभर उभा राहणारा मजूर, दोघांच्याही दुखण्यांकडे त्याने सारखेच लक्ष दिले.

आमच्या वऱ्हाडाची कथा मात्र रेच्यापासून सुरू होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे घरगुती यंत्र: दोन रूळ, एक दांडा, आणि मधून कापूस सारणारी बाई. तो गावच्या सुताराने करावा, आणि दांडा जड जात असेल तर बाईने दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन तसे सांगावे. जुन्या हत्यारांचे रहस्य मला यातच दिसते. करणारा आणि वापरणारी एकाच आळीत राहत होती. कोष्ट्याने मागापाशी खड्डा खणून त्यात पाय सोडले तेही आपल्याच पायाच्या लांबीने. याचा अर्थ जुने दिवस सुखाचे होते असा कोणी करू नये. जात्याच्या खुंट्याने किती बायांचे खांदे गेले, याचा हिशेब ओव्यांतूनही पुरता लागायचा नाही. पण निदान तक्रार कोणाकडे करायची हे ठाऊक होते.

पुढे अमेरिकेत 1861 ते 1865 अशी यादवी माजली, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आगगाडी 1867 साली नागपुरास पोचली. 1870 साली खामगावचा फाटा झाला. रुळांच्या मागोमाग वाफेची जिनिंगे आली. रेचा माळ्यावर गेला, आणि रेच्यावरची बाई जिनात मजुरीला गेली. आता यंत्राची उंची ठरवणारा कारागीर साता समुद्रापलीकडे होता. तिथल्या माणसाच्या मापाचे यंत्र इथल्या बाईपुढे उभे राहिले. ते कापूस मागेल त्या वेगाने तिने तो घालायचा, नाकातोंडात रुईची कुसे घेत, पायांवर उभे राहून. तिचा हात कुठवर पोचतो हे मापायला कोणी आले नव्हते.

कायदा आला, पण तो वेशीबाहेरच थांबला. 1881 चा पहिला फॅक्टरी ॲक्ट फक्त शंभर किंवा अधिक माणसे ज्यात यंत्रावर राबतात आणि जे वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतात अशा कारखान्यांना लागू होता. आमची जिनिंगे हंगामी! कापूस संपला की धुराडे थंड. चार महिन्यांच्या त्या एका अटीवर हंगामी जिनातली बाई कायद्यातून निसटली, की कायदा तिच्यापासून निसटला, हे वाचकांनीच ठरवावे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळच्या वेळी, अपघात झाला तर भरपाई. अर्ध्या तासाच्या विसाव्यासाठी जिथे साडेपाच हजार माणसांना सही करावी लागते, तिथे बसायला पाट कोण मागणार! रविवारची सुटी 1890 साली मिळाली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला मात्र 1911 साल उजाडावे लागले. तीस वर्षे, एका बाईची सारी कमावती उमर.

आता या इतिहासातल्या एका जाहिरातीकडे येतो. अशी जाहिरात दुसरीकडे कुठे निघाली असेल असे मला वाटत नाही. 1929 च्या जुलै महिन्यात अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केले: सुधारलेला चरखा करून दाखवणाऱ्यास एक लाख रुपये. त्या काळचे लाख! परदेशातल्या यंत्रज्ञांनाही कळावे म्हणून पौंडांतही आकडा दिला होता, 7,700 पौंड. यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने वा पायाने चालवता यावे; आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे; किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये; वीस वर्षे टिकावे; आणि 30 ऑक्टोबर 1930 च्या आत साबरमतीच्या आश्रमात पोचावे. या सगळ्या अटी कोणत्याही व्यापाऱ्याने घातल्या असत्या. पण त्यांतच एक अट अशी होती की, बाईमाणसाला बेताच्या श्रमाने सलग आठ तास त्यावर काम करता आले पाहिजे.

ही अट मी पुनःपुन्हा वाचतो. यंत्र किती सूत देते हे सगळेच विचारतात. ते चालवणारीचे काय होते, हे इथे बक्षिसाच्या कागदावर लिहिले गेले. तिचा थकवा हा यंत्राचा दोष ठरला, तिचा नव्हे.

महाराष्ट्रातून या स्पर्धेला किर्लोस्करवाडी उतरली, हे आपल्याला भूषणच आहे. लोखंडी नांगराने शेतकऱ्यांशी सोयरीक जोडलेल्या त्या कारखान्यात गणेश भास्कर काळे यांनी रचलेला चरखा तयार झाला आणि परीक्षेला गेला. बक्षीस त्याला मिळाले नाही. कोणालाच मिळाले नाही. वेग साधावा तर रचना गुंतागुंतीची होते, आणि गुंतागुंत वाढली की खेड्यातल्या सुताराच्या हातून दुरुस्ती सुटते. रेच्याच्या काळी आळीतल्या आळीत मिटणारा प्रश्न लाख रुपयांनीही सुटेना. कल्पना मात्र थांबल्या नाहीत. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या हाताखालून पेटीचरखा घोटून निघाला. प्रभुदास गांधींच्या मगन चरख्याने चाक पायाकडे दिले आणि दोन्ही हात दोन चात्यांसाठी मोकळे केले. विळीने केले तेच की हे! आमच्या शेजारच्या वर्ध्यास मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडले. दिवाळीच्या सुटीत मुलांना तिथे जरूर न्यावे. आणि तिथला चरखा पाहताना तो चालवणाऱ्याची पाठ कशी राहत असेल याचाही विचार करायला सांगावे.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा फॅक्टरी ॲक्ट झाला. त्याच्या 44 व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवणे कारखानदारावर बंधनकारक केले. कामात फट सापडली तर टेकता यावे म्हणून. दुकाने त्यात येत नव्हती. कापडाच्या पेढीवर दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींना बसण्याचा हक्क केरळात 2018 साली कायद्याने मिळाला, तोही बायांनी चळवळ केली तेव्हा. तामिळनाडूत 2021 साली. भारतीय माणसाच्या अंगाची मापे घेऊन ती आखणी करणाऱ्यांच्या हाती देणारा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली काढला. पहिली कापडगिरणी मुंबईत 1854 साली उभी राहिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे माप घ्यायला किती उशीर झाला ते कळते.

कायद्यातली कलमे अशी; आमच्या शेंदूरजनाघाटची कलमे निराळी. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर ओळखले जाते. जंबेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची. डोळा बसतो जमिनीपासून वीतभर उंचीवर. म्हणजे करणाऱ्याचे डोळेही तिथवर यायला हवेत! उकिडवे बसून, मान खाली घालून, रोपामागून रोप, वाफ्यामागून वाफा. थंडीच्या दिवसांत आमच्या शिवारात ही वाकलेल्या माणसांची रांग दिसते. एक डोळा बसवतो, मागचा पट्टी बांधतो. संध्याकाळी ती माणसे उभी राहतात तेव्हा आधी हात गुडघ्यावर, मग कमरेवर, आणि मग कुठे ताठ. हे कारखाने नव्हेत, त्यामुळे 44 वे कलम इथवर कधी पोचलेच नाही.

त्यांतल्या एका कलम बांधणाऱ्याला मी विचारले, बसायला काही घेत का नाही? तो म्हणाला, “गुरुजी, पाट घेतला त दर रोपाले सरकवा लागते. तितल्या येळात दुसरं कलम होते. मजुरी कलमावर हाये, पाटावर नाई.”

इतके नेमके अर्थशास्त्र मी पुस्तकात वाचलेले नाही. तज्ज्ञ आता सांगतात की डोळा वीतभराहून वर बांधावा, म्हणजे पावसाळ्यात मातीतला बुरशीचा रोग तिथवर चढत नाही. ही सूचना झाडाच्या तब्येतीसाठी आहे. माणसाची मान त्यात दोन-चार इंच वर येते ती आपोआप. रोपे वाफ्याऐवजी पिशव्यांत वाढवण्याची रीतही आता आली आहे, आणि पिशवी ही उचलून ठेवता येणारी वस्तू आहे. ती माच्यावर ठेवता येईल की नाही, आणि त्या माच्याचा खर्च कलमामागे किती पडेल, एवढाच प्रश्न उरतो.

शाळेची लाकडी फूटपट्टी घेऊन एका दुपारी मी वाफ्यात गेलो आणि माझ्या वर्गातल्या दोन मुलांना वहीत आकडे टिपायला बसवले. जमिनीपासून डोळ्याची उंची नऊ इंच. उकिडव्या बसलेल्या माणसाच्या कोपराची उंची, गुडघ्याची उंची, नजर आणि रोप यांतले अंतर, अशी सात माणसांची मापे आम्ही घेतली. सातांत दोन बाया होत्या. त्यांची मापे वेगळी आली, म्हणून वहीत त्यांचे पान निराळे केले आहे. गावच्या सुताराने ती वही आपल्याकडे ठेवून घेतली आहे आणि माच्याला बाभूळ चालेल की सागच लागेल, याचा तो विचार करतो आहे.