भगवानदादांच्या मागे उभा असलेला माणूस

चर्चगेट स्टेशनातून मरीन ड्राइव्हकडे जाताना वीर नरिमन रोडवर मी हल्ली मुद्दाम रेंगाळतो. पन्नास-साठच्या दशकात हा चर्चगेट स्ट्रीट होता आणि संध्याकाळी इथल्या रेस्टॉरंटांतून जॅझ ऐकू यायचं. १९५६ सालचं गेलॉर्ड अजून आहे. जेवण मिळतं, पण ते दिवस गेले.

वाजवणारे बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही पोरं मुंबईत धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये उतरायची. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी घेतलेली सामायिक जागा. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा फिल्म स्टुडिओत. १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांची रया जाऊ लागली, तेव्हा स्टुडिओनेच अनेकांची चूल पेटती ठेवली.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सी. रामचंद्रांनी (आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी!) त्याला सिनेमात सोबत घेतलं. १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात, तेव्हा पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून चिकचाच बँड उभा आहे.

ते गाणं मी शंभरदा पाहिलंय, वरातीत त्यावर नाचलोय. नजर कायम भगवानदादांच्या पायांवर. मागे कोण आहे, हा प्रश्नच कधी पडला नाही, याची आता लाज वाटते.

चिक १९६७मध्ये गेला. काल रात्री मी गाणं पुन्हा लावलं, मध्येच थांबवलं आणि दोन बोटांनी ट्रम्पेटवाल्याचा चेहरा मोठा करून पाहिला.