घडीच्या टिपणांचा इतिहास

कागदाला घडी घालून मजकूर विभागण्याची रीत भारतातल्या पेढ्यांवर जुनी आहे. पारंपरिक बहीखात्याच्या पानावर रेघा आखत नसत. उभ्या घड्या घालून रकाने पाडत. रोकडीच्या वहीत डाव्या अर्ध्या भागात जमा आणि उजव्या अर्ध्या भागात नावे लिहीत. दोन्ही बाजूंना साधारणपणे चार-चार सळ, म्हणजे घडीने पडलेले रकाने, असत. पहिल्या सळात रक्कम आणि उरलेल्या तिनांत तिचा तपशील येई.

युरोपात कागदाच्या झडपेचा उपयोग शिकवण्यासाठी झाला तो प्रामुख्याने शरीरशास्त्रात. 1538 मध्ये स्ट्रासबर्ग येथे हाइनरिख फोग्टहेर याने मानवी देहाची झडपांची चित्रे छापली. वरची झडप उचलली की आतली इंद्रिये एकाखाली एक दिसत. आंद्रेआस वेसालियस याने 1543 मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध केलेल्या ‘एपिटोमी’त इंद्रियांची सुटी चित्रे दिली, ती कापून आकृतीवर थरांनी चिकटवायचे काम वाचकाचे होते. 1570 मध्ये लंडनला निघालेल्या युक्लिडच्या पहिल्या इंग्रजी भाषांतरात घनाकृतींच्या कागदी झडपा होत्या. त्या उभ्या केल्या की पानावरच पिरॅमिड तयार होई.

घडी घालण्याचे काम मुलांच्या हाती पद्धतशीरपणे सोपवले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल याने. 1837 मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या हस्तव्यवसायांत चौकोनी कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. त्यातून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये मद्रासला घडीकामातून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. कागदाची एक कड दुसरीवर नेमकी आणून दाबली की कोन दुभागतो, त्याला कंपास लागत नाही. गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाचा उल्लेख केला आणि 1901 मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली.

याच घडीला टिपणवहीचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मिळाले. टेक्सासमधील शिक्षिका व लेखिका डायना झाइक यांनी ‘फोल्डेबल्स’ या नावाने विद्यार्थ्यांनी स्वतः करायच्या घडीच्या टिपणांचा प्रसार केला. पुढे मॅकग्रॉ-हिल कंपनीच्या पाठ्यपुस्तकांतही ती आली. मुलांच्या लक्षात राहावे म्हणून घड्यांना खाद्यपदार्थांची नावे दिली गेली: कागद लांबीत दुमडला तर हॉटडॉग, रुंदीत दुमडला तर हॅम्बर्गर.

सर्वांत प्रचलित प्रकार तीन झडपांचा. कागद लांबीत दुमडून फक्त वरच्या थराला घडीपर्यंत दोन काप देतात. वर ‘घन’, ‘द्रव’, ‘वायू’ असे मथळे, आत व्याख्या आणि उदाहरणे. दोन गोष्टींची तुलना करायची असेल, तर मधल्या झडपेखाली दोन्हींतले साम्य लिहितात. व्याख्या झाकलेली असल्यामुळे विद्यार्थ्याला आधी उत्तर आठवून पाहता येते, मग झडप उचलून पडताळता येते. नुसत्या पुनर्वाचनापेक्षा असे आठवून पाहणे स्मरणाला अधिक उपयोगी पडते, हे मानसशास्त्रातील प्रयोगांतून वारंवार दिसले आहे.

महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभवाच्या तासामुळे घोटीव कागद, कात्री आणि डिंक परिचयाचे आहेत. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी साध्या, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवताना कागदाच्या घड्यांचाही उपयोग केला. तरी येथे घडी मुख्यतः हस्तकलेच्या तासापुरतीच राहिली. इतिहास-भूगोलाच्या वहीत ती क्वचितच शिरली.

या साधनाची मर्यादाही उघड आहे. कापण्या-रंगवण्यातच तास संपला किंवा फळ्यावरचा मजकूर जसाच्या तसा झडपेखाली उतरवला, तर कागद शोभेचा होतो, टिपण होत नाही. मथळे निवडणे आणि आतला मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडणे हे काम विद्यार्थ्याने केले, तरच घडीचा उपयोग होतो.