हाताची हालचाल मोजणारी यंत्रे

मेंदू हाताला कसा चालवतो, हे मोजण्याची सुरुवात कागद-पेन्सिलीने झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्ये फिरत्या ढोलावरच्या कागदावर, मेट्रोनोमच्या ठेक्यावर लोकांकडून रेघा मारून घेतल्या. डोळे उघडे असताना वेग वाढला की चूक वाढे; डोळे मिटल्यावर वेगाने फारसा फरक पडत नसे. म्हणजे आधी एक झेप आणि मग नजरेने केलेली दुरुस्ती, असे हालचालीचे दोन टप्पे होते.

१९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांनी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधले आणि कॅमेऱ्यापुढे फिरती झडप बसवली. प्रकाशाची रेघ ठिपक्यांत तुटे आणि ठिपक्यांमधल्या अंतरावरून वेग काढता येई. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगाराचे खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडे वेगळे फिरत, तरी घाव नेमका बसे. स्नायूंना दर वेळी तोच ठराविक हुकूम जातो, ही समजूत त्यामुळे डळमळली. या विषयातला हा सर्वांत दूरगामी प्रयोग म्हणावा लागेल.

१९६० च्या दशकात एडवर्ड एव्हर्ट्स यांनी माकडाच्या हाती वजन जोडलेली मूठ दिली आणि त्याच वेळी मेंदूतल्या हालचाल चालवणाऱ्या भागातल्या, म्हणजे मोटर कॉर्टेक्समधल्या, एकेका पेशीची नोंद घेतली. पेशींची सक्रियता मनगटाच्या जागेपेक्षा लावलेल्या जोराशी अधिक जुळत होती. १९८२ मध्ये जॉर्जोपुलोस आणि सहकाऱ्यांनी माकडांना आठ दिशांना हात न्यायला लावून बहुतेक पेशींची पसंतीची दिशा, म्हणजे पेशी सर्वाधिक सक्रिय होते ती दिशा, शोधली.

तोवरची साधने मुख्यतः नोंद घेणारी होती. मोटर लावलेली मूठ आली आणि प्रयोगकर्त्याला हाताभोवतीचे बळच बदलता येऊ लागले. अशी मूठ घडवणे कठीण, कारण मोटर बंद असताना हाताला यंत्राचे वजन किंवा घर्षण जवळजवळ जाणवता कामा नये. एमआयटीत शदमेहर आणि मुसा-इव्हाल्डी यांनी १९९४ मध्ये हाताच्या वेगानुसार बदलणारे बळ लावले. सुरुवातीला हाताचा मार्ग वाकला, सरावाने सरळ झाला. मग अचानक बळ काढून घेताच तो उलट्या बाजूला वाकला. मेंदू येणाऱ्या बळाचा अंदाज आधीच बांधत होता, याचा हा थेट पुरावा.

मुठीतून बळ फक्त तळहाताशी लागते. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या स्टीफन स्कॉट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'किनआर्म' यंत्राचा सांगाडा दंड आणि पुढचा हात दोन्हींना आधार देतो, त्यामुळे खांद्यावर व कोपरावर वेगवेगळा भार टाकता येतो. पक्षाघातानंतर हाताच्या हालचालीत नेमके काय बिघडले, हे मोजण्यासाठीही आता तो वापरतात.