चावीची जागा

गेल्या शनिवारी कोड बाजूला ठेवून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, शेजारच्या आजोबांच्या १९७२ च्या शेवरोले पिकअपमध्ये उताणा पडलो होतो. चावी डॅशबोर्डवरून काढून स्टिअरिंगच्या दांड्यावर न्यायची होती. आधी बॅटरी सोडवली. मग चावी डावीकडे फिरवून कुलुपाच्या तोंडावरच्या बारीक भोकात पेपरक्लिपची तार दाबली, चावी अजून थोडी फिरवली, आणि कुलूप अलगद हातात!

हा उपद्व्याप कशाला? जुनं कुलूप फक्त वीज जोडायचं-तोडायचं. मागच्या वायरी जोडल्या की चोर पसार. म्हणून जनरल मोटर्सने १९६९ च्या मोटारींत चावी स्टिअरिंगवर नेली. चावी काढली की स्टिअरिंगच अडकतं. १ जानेवारी १९७० पासून चोरीविरोधी सरकारी नियमही आला, पण तो मोटारींपुरता. ट्रक बिचारे रांगेत मागे. शेवरोले पिकअपला हे १९७३ च्या मॉडेलपासून मिळालं, फोर्डच्या एफ-सीरिजला तर १९८० पासून. आजोबांचा ट्रक एका वर्षाने हुकला! (आपल्या धंद्यात याला 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणतात.)

असो. नंतरच्या मॉडेलचा दांडा बसला. डॅशबोर्डवरच्या भोकाला झाकण लावू म्हटलं, तर आजोबांनी जुनंच कुलूप, वायरींशिवाय, परत तिथे बसवलं. त्याच चावीने त्यांना वडिलांनी गाडी शिकवली होती म्हणे.